श्रद्धांजली जरा क्यूट हवी होती

आमच्या बिल्डिंगमधले एक काका गेले. गेटवर फ्लेक्स लागला, त्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असल्या उड्या मारणाऱ्या अक्षरांत की लांबून मला वाटलं कुणाच्या तरी पोराचा पहिला बर्थडे आहे. म्हटलं, एवढी टॅलेंटेड माणसं आहेत तर चार टिप्स आपणही द्याव्यात.

तर मंडळी, हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट दिसला की बिनधास्त लावा. पाणी बंद, लिफ्ट बंद, थकबाकीदारांची यादी, वकिलाची नोटीस. धमकी कशी, गोड वाटली पाहिजे.

मराठी मजकुराला कॉमिक सॅन्स हा नाचरा फॉन्ट निवडा. त्यात देवनागरी नाहीच, त्यामुळे फोन नंबर तेवढा नाचतो आणि मराठी बिचारं मंगल फॉन्टमध्ये ताठ उभं. व्हिन्सेंट कोनेर या डिझायनरने 1994 मध्ये तो केला, कारण मायक्रोसॉफ्टच्या एका प्रोग्रॅममधला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमन या गंभीर फॉन्टमध्ये बोलत होता आणि ते त्याला खटकलं. कुत्र्याला काय शोभेल याचा त्याने विचार केला. तुम्ही माणसांचा करू नका.

ल आणि श हिंदी वळणाचे आले तर येऊ द्या. शासनाने 2009 मध्ये मराठी अक्षरांच्या वळणाचा जीआर काढला म्हणून काय फ्लेक्सवाल्याने वाचायचा?

जागा उरली की अक्षर आडवं ताणा.

जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांचं सेटिंग चालू करायचं नाही, ही तर खास टिप. मग ‘श्रद्धांजली’तला द्ध फुटतो, पाय मोडलेला द आणि शेजारी ध, ‘परिवार’ची वेलांटी र सोडून व ला जाऊन चिकटते, आणि खाली ‘शोकाकुल समस्त सोसायटी परिवार’ यातल्या प्रत्येक स ची शेपटी त्याच जागी, तेवढीच वाकडी, अहो हाताने लिहिताना दोन स कधी सारखे येतात का, चांगल्या फॉन्टमध्ये त्यासाठी एका अक्षराचे दोन-तीन नमुने ठेवतात, पण ते ऑन कोण करणार, पेनड्राइव्हवर कुठून तरी आलेला फॉन्ट टाकला, मागे ढग, कोपऱ्यात कबुतर, झालं डिझाइन, द्या प्रिंटला!

अरे काय चाललंय काय? गूगल फॉन्ट्सवर कलम हा हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट फुकट आहे, देवनागरी आहे, तीन जाडीत येतो. बालवाडीच्या भिंतीला लावा, मेनूकार्डाला लावा, लाडवाच्या डब्याला लावा, मस्त दिसतो, माझं काही म्हणणं नाही. पण माणूस गेल्यावर साधा मुक्ता फॉन्ट लावायला काय पैसे पडतात? तोही फुकटच आहे. आणि ग्रुपवर ‘दादा एकदम फ्रेश वाटतंय’ लिहिणाऱ्या कमिटीवाल्यांनो, तुम्ही तर बोलूच नका. मृत्यूची तारीख तरी तपासलीत का कुणी? प्रूफ आलं की वाचायचं असतं. अंगठे काय दाखवता!