मेळाव्याची यादी निकालावरून करू नका

गेल्या रविवारी लालबागला गावच्या मंडळाची मीटिंग झाली. विषय एकच, हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. फेटे भगवे की गुलाबी यावर चाळीस मिनिटं गेली. मग यादीचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत ठरलं: दहावीच्या बॅचप्रमाणे नावं काढायची, 1975 पासून, म्हणजे दहावीची पहिली परीक्षा झाली तिथपासून. त्याआधीचे अकरावी मॅट्रिकवाले वेगळे बसवायचे. मी मध्येच बोललो, आवाज जरा चढला आणि दोघातिघांचा समज झाला की मला स्टेजवर खुर्ची हवी आहे. ग्रुपवर टाईप करून कंटाळलो, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी त्या हायस्कुलात गेलो तो संपामुळे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्या थांबल्या तेव्हा मी परळला म्युनिसिपालटीच्या शाळेत सातवीत होतो. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. पहिले दोन महिने 'मिटेल रे' म्हणण्यात गेले. एप्रिलात वाण्याने वही मिटली. मे महिन्यात खोली पोटभाड्याने दिली, बाबा गावकऱ्यांच्या गाळ्यात, म्हणजे सामाईक खोलीत, वळकटी घेऊन गेले आणि आईने आम्हा तिघा भावंडांना घेऊन राजापूरची एसटी धरली. जूनमध्ये आठवीत नाव घातलं. त्या वर्षी वर्गात असे अकरा 'मुंबैकर' आले. बाकं कमी पडली, म्हणून आठवीचा वर्ग देवळाच्या सभामंडपात भरायचा. गुरव पूजेला आला की गणित थांबायचं.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. ही शाळा गावात होती, पण ती उभी केली होती मुंबईने. साठच्या दशकात गाळ्यात राहणाऱ्या गिरणी कामगारांनी मंडळ काढलं, महिन्याला दोन रुपये वर्गणी आणि दिवाळीच्या बोनसला दहा. सरकारचं अनुदान यायचं ते मुख्यतः पगारापुरतं, तेही मान्यतेचे हेलपाटे झाल्यावर. भिंती, कौलं, प्रयोगशाळेतलं ते एकुलतं कपाट, सगळं वर्गणीतून. परळच्या दामोदर हॉलमध्ये शाळेच्या मदतीसाठी नाटक लावायचे, तिकिटं खात्याखात्यांत फिरून खपवायचे. बाबा स्वतः चौथी पास. पावत्या त्यांनी ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, शेवटची डिसेंबर 1981 ची. सहा महिन्यांनी त्यांचाच मुलगा त्या शाळेत जाऊन पडेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार.

आता शाळेचं सांगतो. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. तीन खोल्या चिऱ्याच्या, म्हणजे लाल जांभ्या दगडाच्या, चौथीचं बांधकाम चालू, म्हणजे जमेल तेव्हा. ट्रक खालच्या रस्त्यावर चिरे उतरवून जायचा आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही ते वर न्यायचो. एक चिरा दोघांत, काठीला सुंभ बांधून. चिऱ्याची लाल माती घामात मिसळून सदऱ्याला लागली की ती जात नाही, आईने सोडा लावला तरी. कार्यानुभवाच्या वहीत याची नोंद 'श्रमदान' अशी. मुली घमेल्यातून वाळू आणायच्या. त्या चौथ्या खोलीच्या भिंतीत डाव्या कोपऱ्यातला खालून तिसरा थर आमच्या हातचा आहे, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले. हसा.

इंग्रजीचे सर घाटावरचे, कोल्हापूरकडचे, एका घराच्या पडवीत भाड्याने राहायचे. मुंबईचा म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी धडा वाचायला उभं केलं. माझंही इंग्रजी पाचवीपासूनचंच. तीन ओळींत पितळ उघडं पडलं.

आणि व्हाळ, म्हणजे ओढा. आमची वाडी आणि शाळा यांच्यामध्ये पाऊण तासाची वाट आणि एक व्हाळ, त्यावर लाकडी साकव. जुलैत साकव वाहून गेला की पाणी उतरेपर्यंत शाळा बंद, किंवा वरच्या अंगाने तासाभराचा वळसा. मला पाण्याची भीती. वरच्या वाडीतली एक मुलगी रोज माझं दप्तर डोक्यावर घेऊन आधी पलीकडे जायची, ठेवायची, परत यायची आणि मला हात द्यायची. वर म्हणायची, "मुंबैकरा, खाली बघू नको, समोर बघ." भूमितीत ती वर्गात पहिली. रायडर, म्हणजे प्रमेयावरची उदाहरणं, सोडवताना आकृती पाटीवर काढायची, वहीचं पान वाया जाऊ नये म्हणून.

तिचेही वडील गिरणीत होते. संप मिटेना. मनीऑर्डर थांबली ती थांबलीच. नववीच्या दिवाळीनंतर ती आली नाही. काजूच्या फॅक्टरीत लागली होती. पुढे एकदा बाजारात भेटली तेव्हा हात पदराखाली घेतले. काजूच्या चिकाने बोटं काळी पडतात, सालं निघतात. मी काही बोललो नाही. चौदा वर्षांचा मुलगा काय बोलणार!

म्हणून ग्रुपवर कोणी 'ते सोनेरी दिवस' असं लिहिलं की माझं डोकं फिरतं. आठवीत आम्ही 47 होतो. मार्च 1985 ला दहावीला बसलो 26. केंद्र तालुक्याला, सरांनी ओळखीच्या घराची पडवी घेतली होती, दहा दिवस पिठलं-भात आणि रात्री कंदिलाखाली उजळणी. ते दिवस छानच होते, नाही कशाला म्हणू? पण पास झाले 9. नापास झालेल्यांनी मे महिन्यात मुंबईची एसटी धरली, त्यांच्या बापांनी धरली होती तशीच, पण इथे आता साचेखातं त्यांची वाट बघत नव्हतं. कोणी वॉचमन झाला, कोणी कुरियर, कोणी अजून कुठे आहे कोणालाच ठाऊक नाही. मास्तर चांगले होते, मार खाऊन आम्ही घडलो वगैरे ठीक आहे. हे म्हणणारे आपण त्या 9 मधले आहोत. उरलेल्या 38 जणांना कोणी विचारलंय?

तर माझं म्हणणं एवढंच की यादी निकालाच्या पुस्तकातून काढू नका, शाळेच्या जनरल रजिस्टरमधून काढा. ज्याचं नाव दाखल झालं तो विद्यार्थी. आणि वर्गणी भरणाऱ्यांची जुनी पावतीपुस्तकं कोणाच्या माळ्यावर असतील तर तीही काढा, त्यातले चार-दोन म्हातारे अजून हयात आहेत. फेट्यांना लागेल तो खर्च कमी करा. शाळेचा पट घसरत चाललाय. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयानंतर वीस मुलांच्या आकड्यावरून कोकणात केवढी ओरड झाली ते आठवा. लांबच्या वाड्यांतल्या मुलींसाठी वर्षभर एक रिक्षा लावली तर तेवढ्याने सहा-सात नावं टिकतील. हिशेब मी मांडून दिलाय, खजिनदारांनी वाचला असेल अशी आशा. (नसेल.)

बुधवारी शाळेतल्या क्लार्कला फोन करून आमच्या वर्षाच्या पानांचा फोटो मागवला. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर मोत्यासारखं. माझ्या ओळीत शेवटच्या रकान्यात 'एस.एस.सी. उत्तीर्ण'. चार ओळी खाली तिचं नाव, आणि शाळा सोडण्याचं कारण: 'पालकांच्या विनंतीवरून'.

नंबर मिळवायला दोन दिवस लागले. ती विरारला असते, पोळीभाजी केंद्र चालवते. मी कोण ते सांगितल्यावर आधी पाण्याची भीती गेली का म्हणून विचारलं. मेळाव्याचं सांगितलं तर थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "येईन की. जेवणाचं काम कोणाला दिलंयत?"