‘ऐंशीनंतर ऑपरेशन नको’ या मेसेजबद्दल खुलासा

नाशिकच्या पंचवटी-सिडकोच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘८० नंतर खुबा मोडला तर ऑपरेशन नको, भूल सोसत नाही, पायाला वजन लावून झोपवा.’ हे चूक आहे. भूल बहुतेकदा कमरेखालचीच देता येते. जिवावर बेततं ते पडून राहणं: पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली की हाडाच्या वरच्या टोकाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून सहसा अर्धा सांधा बदलतात. त्याखाली मोडलं तर आत रॉड घालतात. ऑपरेशन शक्यतो २४ ते ४८ तासांत. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात (आमच्या शेजारच्या आजींनी आधी चहा मागितला!).

अखेरच्या टप्प्यातल्या, आधीच खिळलेल्या रुग्णाचं वेगळं. तिथे नुसत्या वेदना शमवणं हाही निर्णय असतो, डॉक्टरांशी बसून घेतलेला.

आणि पडल्यावर पाय आखूड, पाऊल बाहेर वळलेलं दिसलं तर तेल चोळत बसू नका, थेट एक्स-रे.