चेकोस्लोव्हाकियातलं माझं डिपार्टमेंट

पुण्यात आमचा पत्ता ‘मारुतीच्या मागे, गिरणीवर’ एवढाच. पोस्टमन बिनचूक यायचा. १९९२ साली मी इंग्लंडातल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेलो, आणि पत्ता अगदी शुद्ध असूनही पत्र कसं चुकतं ते तिथे शिकलो. अभ्यासक्रमात नव्हतं, तरी.

इंग्रज माणूस लिफाफ्यावर आधी घर लिहितो, मग गाव, शेवटी देश. पण त्यांच्या विद्यापीठांच्या ‘जानेट’ नेटवर्कवर ईमेलचा पत्ता देशापासून सुरू व्हायचा: यूके, मग शिक्षणसंस्थांचा एसी, मग विद्यापीठ आणि शेपटाला डिपार्टमेंट, म्हणजे सीएस. इंटरनेटवर नेमकं उलटं, देश शेवटी. दोन नेटवर्कांना जोडणाऱ्या मधल्या मशीनने, म्हणजे गेटवेने, क्रम फिरवून द्यायचा, असं ठरलेलं. द्यायचाही. पण आमच्या नशिबी आलेला गेटवे लिफाफा फिरवायचा आणि आतल्या हेडरमधला, म्हणजे पत्राच्या माथ्यावरचा, माझा पत्ता तसाच सोडायचा.

अमेरिकेतल्या बंड्याला लिहिलं, “भाकरी जमायला लागली का?” त्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं. त्याच्या मशीनने पत्त्याचं शेपूट पाहिलं: सीएस. इंटरनेटच्या लेखी सीएस म्हणजे चेकोस्लोव्हाकिया! तिकडे ‘यूके’ नावाचं मशीन कुठलं असायला? ‘मेलर डीमन’ या टपाल सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या सहीने बंड्याचं उत्तर परत. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. वेताळसुद्धा निदान गोष्ट तरी सांगायचा.

मग त्याच्या लॅबमधल्या एका मुरलेल्या गड्याने यूयूसीपीचा, म्हणजे मशीनांनी फोनवरून एकमेकांकडे टपाल सोपवायचा, रस्ता सुचवला. त्यात वाटेतली मशीनं उद्गारचिन्हं टाकून आपणच ओळीने लिहायची. एकटं उद्गारचिन्ह गरीब असतं हो. त्याला ‘ॲट’ (@) भेटला की भांडण. समजा पत्ता आहे ‘पुणे!बंडू@सातारा’. उद्गारवाले म्हणणार, आधी पुण्याला जा, पुणेकर साताऱ्याच्या बंडूकडे पाठवतील. ॲटवाले म्हणणार, आधी सातारा, मग पुण्याचा बंडू. १९८२ च्या आरएफसी ८२२ या ईमेलच्या नियमावलीने कौल ॲटला दिला होता, पण फोनच्या तारेवर रात्री एकमेकांना उठवणाऱ्या त्या मशीनांनी ती वाचली असावी, असं वाटत नाही.

अखेर एक पत्र पोचलं. वरती हेडरच्या चाळीसएक ओळी. वाटेतल्या प्रत्येक मशीनने ‘मिळालं’ म्हणून वेळेसकट शिक्का मारलेला. मधल्या कुणीतरी माझ्या पत्त्यातल्या ॲटचा टक्का (%) करून टाकला होता. सगळ्यात खाली बंड्याचा मजकूर: “नाही.”

म्हणजे भाकरी. त्याचं एरोग्राम आठ दिवस आधीच येऊन गेलं होतं, त्यात ती का तुटते याची आकृतीसुद्धा होती.

१ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. पंधरवड्यात बंड्याचं निळं एरोग्राम हजर: “वाटण्या झाल्या म्हणे. तुझं डिपार्टमेंट कुणाच्या वाट्याला आलं?”