बर्डी आहे ते, बुल्डी नाही

काल नागपूरच्या मेट्रोत बाजूला एक पोरगा बसला होता, बाहेरगावचा, फोनवर कोणाला तरी सांगून राहिला होता की "सीताबुल्डी उतर रहा हूं". मला राहवलं नाही, म्हटलं बेटा सीताबर्डी म्हण, नाहीतर नुसतं बर्डी. तर त्यानं सरळ स्टेशनच्या इंग्रजी पाटीकडे बोट दाखवलं. आता पाटीच तशी आहे म्हटल्यावर मी काय बोलणार!

बर्डी म्हणजे टेकाड. आपण इतवारीत जातो, महालात जातो, सदरला जातो, पण बर्डी"वर" जातो. काऊन? कारण ते टेकाड होतं हे आपल्या जिभेला अजून आठवते. दोन टेकड्या, मोठीवर किल्ला. २६ नोव्हेंबर १८१७ ला संध्याकाळी इथंच अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीच्या पलटणी भिडल्या, दुसऱ्या दिवशी आपण हरलो, आणि किल्ला इंग्रजांनी त्यानंतर बांधला. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, गादीला वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्यच खालसा केलं. निघून गेलेल्या त्या इंग्रजांनी बुल्डी हे स्पेलिंग तेवढं मागे ठेवलं आणि आपण ते आजवर छापून राहिलो.

एक गोष्ट अशी पण सांगतात की शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद असे दोन भाऊ होते, त्यांच्या नावावरून शीतलाबद्री आणि मग सीताबर्डी. गोष्ट छान आहे पण मला पटत नाही, टेकाडाले टेकाड म्हणणारे लोक आपण, एवढी जोडाजोड कोण करते.

आणि खालचा तो मेन रोड. त्याले कोणा साहेबाचं नाव नाही, कोणा पुढाऱ्याचं नाही, नुसता मेन रोड. शनिवारी संध्याकाळी तिथं चालायचं म्हणजे पायानं नाही तर खांद्यानं चालावं लागते, एकीकडे हॉकर्सवाले "सौ में दो, सौ में दो" ओरडून राहिले, दुसरीकडे मोदी नंबर एक, दोन, तीन अशा गल्ल्या, आणि दिवाळीत तर बायको पुढे गेली की थेट घरीच भेटते. टोकाला व्हरायटी चौक. गांधीजींचा पुतळा चौकात, मोर्चेवाले सगळे तिथं जमतात, तरी नाव टॉकीजचंच! माझ्या पोरांनी त्या टॉकीजमध्ये एकही सिनेमा पाहिलेला नाही पण पत्ता सांगताना व्हरायटीच म्हणतात.

तिकडे जुम्मा तलावाचं बघा. जुम्मा म्हणजे शुक्रवार, लोकांनी शुक्रवारी तलाव केलं, म्हणजे कोणत्याही ठरावाशिवाय भाषांतर करून टाकलं, मग गांधीसागर आलं. तसाच जवळचा जुम्मा दरवाजा आता गांधी गेट. गांधी गेट मात्र चाललं बरं का, रिक्षावाल्यालाही समजते. रिझर्व्ह बँक चौकाचा संविधान चौक झाला तोही चालला, कारण तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे, चौदा एप्रिलला आणि २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, लोक तिथं जमतात, म्हणजे नाव वापरायला कारण आहे. (हो, २६ नोव्हेंबर. लढाईचीच तारीख. किल्ला तिथून हाकेवर, पण हे आठवते कोणाला.)

म्हणून मला नाव बदलाच्या मागण्यांचा वैताग येते. कोणी ना कोणी निवेदन घेऊन निघतेच, या चौकाले अमक्याचं द्या, त्या रस्त्याले तमक्याचं द्या, फोटो निघतात, पाटी लागते, आणि ऑटोवाला जुन्याच नावानं विचारतो "पंचशील के पास ना?" माझी मागणी एवढीशीच आहे, बर्डीचं नाव काही बदलू नका, फक्त इंग्रजी पाटीवरचं स्पेलिंग बर्डी करा. खर्च किती येणार, दोन अक्षरांचा.

तो पोरगा उतरताना काय म्हणते माहीत आहे? "अंकल, मोदी नंबर तीन किधर पडेगा?" मोदी नंबर तीन बरोबर! एका दोस्तानं सांगितलं होतं म्हणे. मग गेलो त्याच्यासोबत दाखवायला, परत येताना सौ में दो वाले मोजे घेऊन आलो, घरी आधीच सहा जोड पडले आहेत.