मुंबईचा स्पायडरमॅन आणि आईचा वेताळ

गेल्या रविवारी माळा आवरताना आईची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले इंद्रजाल कॉमिक्सचे सात अंक निघाले. सगळे मराठी. एकाचं मुखपृष्ठ अर्धं गेलेलं, एकाची पाठ दोऱ्याने शिवलेली, आणि आतल्या पानावर आईच्या शाळकरी अक्षरात तिचं नाव, इयत्ता आणि खाली "वाचून परत करणे". आई साताऱ्याची. एका अंकावर चार घरच्या पोरांची बोटं फिरलेली असायची, असं ती सांगते. आवरणं राहिलं बाजूला, ती तिथेच खुर्ची ओढून त्यातला हिरो वेताळ याच्या गोष्टी वाचत बसली. माझा अकरा वर्षांचा मुलगा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "आजी, हा तर स्पायडरमॅनसारखाच आहे. फक्त याला घोडा आहे."

ते ऐकलं आणि २०२३ चा जून आठवला. तेव्हा लिहायचं राहून गेलं होतं, ते आज लिहितेय.

त्या वर्षी १ जूनला 'स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आपल्याकडे आला. इंग्रजी धरून दहा भाषांत, आणि त्यात मराठी! पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर येणार होता. तो राहतो ते शहर मुंबट्टन, म्हणजे आपली मुंबई आणि त्यांचं मॅनहॅटन एकमेकांवर रचलेलं. शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस होते, मुलगा रोज ट्रेलर बघत होता. आई म्हणाली, "मराठीत आहे ना? मग मी पण येते." तिला हिंदी कळतं, पण असल्या सिनेमातलं हिंदी फार पळतं, तिला धाप लागते.

ॲपवर भाषा मराठी निवडली. ठाण्यात एकही शो नाही. मुंबईत एका ठिकाणी होता, सकाळी पावणेदहाचा, आणि तोही आठवड्याच्या मधल्या वारी. रजा टाकून जायचं ठरवेपर्यंत तोही निघून गेला. मी त्या थिएटरला फोन केला. पलीकडचा मुलगा मराठीच होता, बिचारा अदबीने म्हणाला, "मॅडम, मराठीला पब्लिक नाही येत." बुधवारी सकाळी पावणेदहाला कुठल्या भाषेला पब्लिक येतं, हे मी त्याला विचारलं नाही. त्याच्या हातात काही नव्हतं.

शेवटी आम्ही हिंदी बघितला. आई घरी राहिली.

मला राग मराठी शो काढून टाकला याचा नाही, तो लागला आहे हे लोकांना कळूच दिलं नाही याचा आहे. हिंदी आणि पंजाबी पवित्रला आवाज शुभमन गिलचा होता. त्याच मोसमात त्याने आयपीएलमध्ये ८९० धावा काढल्या होत्या, सगळ्यात जास्त. आयपीएलचा अंतिम सामना संपला आणि तीन दिवसांत सिनेमा लागला. याला म्हणतात विकणं! ज्या भाषेत विकायचं ठरवलं, त्या भाषेला चेहरा दिला, आवाज दिला, मुलाखती दिल्या. मराठी पवित्रला कोणाचा आवाज आहे हे सांगणारं एक पोस्टर निदान माझ्या नजरेस पडलं नाही. मराठीचं नाव भाषांच्या यादीत होतं, तेवढंच.

आणि हे जुनंच आहे. २००७ साली 'स्पायडरमॅन ३' भोजपुरीत आला, मराठीत नाही. २०१९ ला 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'साठी ए. आर. रहमानकडून खास गाणं करून घेतलं, ते हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. सिनेमाही त्या तीन भाषांत आणि इंग्रजीत. धंद्याच्या नजरेने बघणारे म्हणतील, मराठी माणसाला हिंदी कळतं, मग वेगळा खर्च कशाला? हे गणित मला कळतं. पण ते मांडणाऱ्यांनी एकदा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सहाला येऊन उभं राहावं. मुलं मराठीत भांडतात, मराठीत आउट देतात, मराठीत आईची शपथ घेतात. आणि तीच मुलं टॉवेल पाठीला बांधून हिरो झाली की हिंदीत बोलतात. "छोडूंगा नहीं तुझे!" माझा मुलगासुद्धा. कोणी शिकवलं नाही. पराक्रम करायची वेळ आली की भाषा बदलायची, हे त्यांनी पडद्यावरून उचललंय. मला हे फार लागतं.

आता आईच्या त्या अंकांकडे परत येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. मुंबट्टन रंगवताना चित्रकारांनी आधार घेतला तो इंद्रजाल कॉमिक्सचा! टाइम्स ऑफ इंडियाच्या घरातून १९६४ साली सुरू झालेल्या आणि १९९० पर्यंत चाललेल्या त्याच कॉमिक्सचा. तो चुरचुरीत रंग, रेषेबाहेर थोडा सांडलेला, स्वस्त कागदावरच्या छपाईचा पोत. हिंदी शो बघताना मला सारखं वाटत होतं की हे मी कुठेतरी पाहिलंय. आईच्या ट्रंकेत पाहिलं होतं.

त्या कॉमिक्सचं काम बघा. अमेरिकेचा फँटम नावाचा कॉमिक्सचा हिरो मराठीत आला तो वेताळ होऊन. ज्याने कोणी हे नाव घेतलं त्याला साष्टांग नमस्कार. कोकणात, गोव्यात वेताळाची देवळं आहेत, पुण्यात वेताळ टेकडी आहे, गावोगावी वेशीवर रात्री राखण करणारा वेताळ आहे. न मरणारा, अंधारात फिरणारा, वाईटाला धाक असलेला. आईला साताऱ्यात कोणी समजावून सांगावं लागलं नाही की हा कोण. शिवाय मूळ कथेतलं जंगल बंगालची आठवण करून देणाऱ्या नावाचं होतं, ते इथे डेंकाली झालं. मूळ चाचे सिंग होते, ते सिंगा झाले. म्हणजे आपल्या वाचकाला काय खुपेल, कोणाचं आडनाव दरोडेखोराला लावलं जातंय, याचा विचार साठ-सत्तरच्या दशकात एका स्वस्त कॉमिक्सच्या कचेरीत बसून कोणीतरी करत होतं.

आणि मुंबट्टनमध्ये? तिथे पोलीस इन्स्पेक्टर सिंग आहे, चांगला माणूस, त्याचा जीव वाचवण्यावर सगळी कथा फिरते. या बाबतीत सिनेमावाल्यांना मी पूर्ण मार्क देते. २०१२ च्या 'ॲव्हेंजर्स'मध्ये कोलकाता म्हणून एक अंधारी गरीब वस्ती दाखवली होती, चित्रण न्यू मेक्सिकोतलं. त्यातून मुंबट्टनपर्यंत हॉलिवूडवाले खूप चालून आलेत. "चाय टी" म्हणणाऱ्या माइल्सला, म्हणजे सिनेमाच्या मुख्य स्पायडरमॅनला, पवित्र झापतो, इंग्रजांनी आमच्या वस्तू इथून चोरल्या हे सहज सांगून जातो, तेव्हा हिंदी शोला अख्खं थिएटर हसत होतं. पण मराठीत ही "चाय टी"ची गंमत कशी करायची? आपल्याकडे दोन्ही चहाच. तिथे चांगला लेखक बसवावा लागतो, ओठांच्या हालचालीला बसेल, मात्रा जुळेल आणि हसूही येईल असं वाक्य शोधावं लागतं. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो. मराठी पवित्र तिथे काय म्हणाला, हे मला आजही माहीत नाही. तेच तर बघायचं होतं.

मराठी सिनेमातली माझी मित्रमंडळी आता म्हणतील, डबिंगची बाजू घेऊ नकोस, आधीच आपल्या सिनेमाला शो मिळत नाहीत. त्यांची भीती खोटी नाही. कर्नाटकात याच भीतीने अनेक दशकं डबिंग अडवून धरलं होतं, २०१५ ला स्पर्धा आयोगाने अडवणाऱ्या संघटनांविरुद्ध निर्णय दिला. आपल्याकडे त्याच वर्षी सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमाचा प्राइम टाइम शो बंधनकारक केला, आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हटलं, ओरड झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ. तो शो मराठी सिनेमाचाच राहिला पाहिजे, त्याला डब केलेल्या सिनेमाने हात लावू नये. पण हॉलिवूडचा सिनेमा स्वतःचे दिवसाला दहा-दहा शो घेतो ना? मराठी आवृत्ती मंजूर करून घेतली असेल, तर त्या दहातला एक पहिल्या शनिवार-रविवारी मराठीत, दुपारी किंवा संध्याकाळी. यात मराठी सिनेमाचं काय जातं?

मंजुरीची गोष्ट निघाली म्हणून सांगते. २०२३ ला डब केलेल्या प्रत्येक भाषेला सेन्सॉर बोर्डाचं वेगळं प्रमाणपत्र लागायचं. म्हणजे मराठी आवृत्ती बोर्डासमोर जाते, कोणीतरी बसून बघतं, सही होते. २०२५ ला 'सुपरमॅन'मधलं चुंबन कापल्याच्या बातम्या आल्या, ३३ सेकंद, इतकं बारीक मोजमाप आहे. पण प्रमाणपत्र मिळालेली मराठी आवृत्ती महाराष्ट्रात किती पडद्यांवर, किती वाजता लागली, हे मोजणं कोणाचंच काम नाही. राज्याच्या सांस्कृतिक खात्याला हे एका परिपत्रकाने विचारता येईल. किती शो, कोणत्या वेळी, एवढंच विचारा. आकडे समोर आले की "पब्लिक नाही" या वाक्याला उत्तर देता येईल.

आणि होतं, लोक बघतात. 'बाहुबली'ची मराठी आवृत्ती प्रवीण तरडेंनी करवून घेतली, गश्मीर महाजनीने आवाज दिला, ती टीव्हीवर आली तेव्हा आमच्या घरी आईने आणि शेजारच्या काकूंनी जेवणाची वेळ पुढे ढकलली होती. नाव असलेला माणूस, कष्टाने केलेले संवाद आणि बसून बघता येईल अशी वेळ, एवढं असलं की झालं.

आई रविवारपासून रोज रात्री त्याला एक अंक वाचून दाखवते. काल तिसरा झाला. आज संध्याकाळी पार्किंगमधून आवाज आला, "थांब! मी वेताळ आहे, सोडणार नाही तुला!" मी गॅस बंद करून गॅलरीत गेले. टॉवेल माझा, चांगला, नवा होता. काही बोलले नाही.