डीव्हीआर १७ मिनिटं पुढे

धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. आशय असा: बीबीसीची 'द कॅप्चर' ही मालिका बघा, कॅमेऱ्यातलं चित्र चालू असतानाच बदलता येतं, म्हणून कोर्टात आता व्हिडिओ चालत नाही, सीसीटीव्ही म्हणजे पैसे पाण्यात. कॅमेऱ्यांच्या वर्गणीचा विषय निघाला त्याच आठवड्यात हा मेसेज आला, ते असो.

आधी मालिका. (पाहायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) २०१९ च्या पहिल्या पर्वात शॉन एमरी हा सैनिक अफगाणिस्तानातल्या हत्येच्या आरोपातून सुटतो, तो कुणी चित्र बदललं होतं म्हणून नव्हे. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात चित्र आणि आवाज यांचा मेळ बसत नाही, एवढंच. बनवाबनवी येते ती नंतर, रस्त्यावरच्या सीसीटीव्हीत, आणि तिच्यामागे गुप्तचर यंत्रणा असते. आपल्या पार्किंगमधून स्कूटर न्यायला एवढा खटाटोप कोण करते बाप्पा! मेसेजवाल्याला थरार तेवढा आठवला, साधा बिघाड विसरला. आपली गाठ पडते ती त्या बिघाडाशीच.

माझ्या मामाजींचं नागपुरातल्या महाल भागात भांड्यांचं दुकान आहे. मे महिन्यात काउंटरवरून मोबाईल गेला. फुटेजमध्ये दुपट्ट्यानं तोंड बांधलेला माणूस. उन्हाळ्यात अर्धं नागपूर तसंच फिरतं. स्क्रीनवर वेळ २:०५. दुकानातला पोरगा त्या वेळी जेवायला बाहेर होता, म्हणून सगळ्यांचा संशय त्याच्यावर. अंगकाठीही तशीच. मामाजी म्हणाले, "त्याचंच काम आहे, अजून काय पाह्यचं?" हवालदारांनी मात्र आपला मोबाईल मॉनिटरला टेकवून धरला. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, १७ मिनिटं पुढे! इंटरनेटला न जोडलेल्या डीव्हीआरचं घड्याळ असं सरकत जातं. म्हणजे चोर आला १:४८ ला, आणि तेव्हा तो पोरगा मागच्या गोदामात मामाजींसोबतच पितळी घागरी मोजत होता. हवालदारांनी पंचनाम्यात दोन्ही वेळा लिहिल्या. चित्रात कुणीही काही बदललेलं नव्हतं, तरी एका गरिबाची नोकरी जाता जाता राहिली.

'कोर्टात चालत नाही' हे तर साफ चूक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला आकडा, लिहावी लागते. फाइल कणभर बदलली की हा आकडा बदलतो. हॅश काढण्याआधीच कुणी हात मारला असेल तर तो त्यात दिसत नाही, हे मान्य. त्यासाठी तज्ज्ञाची तपासणी आणि उलटतपासणी आहे.

लांब कशाला, जालन्याचं बघा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणावर लढला गेला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच वादात, म्हणजे खोतकर प्रकरणात, सांगितलं, की मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्र हवंच. पण मागूनही संबंधित अधिकारी ते देत नसतील, तर मागणाऱ्याला त्याची शिक्षा नाही. २०१५ चा वाराणसीच्या हॉटेलातल्या खुनाच्या आरोपाचा निकाल तर याच्या उलट्या बाजूचा: सीसीटीव्ही असूनही फुटेज कोर्टापुढे आणलं नाही, ही गोष्ट सरकार पक्षाच्या अंगाशी आली आणि दोन्ही इटालियन आरोपी सुटले.

डीपफेक आहेत, वाढताहेतही. पण आपल्या गल्लीतला पुरावा बहुतेक वेळा वेगळ्याच कारणानं जातो: मॉनिटरचं मोबाईलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकायचं आणि मूळ रेकॉर्डिंग मात्र डीव्हीआरमधून उतरवून घ्यायचं नाही. हार्ड डिस्क भरली की त्यावर नवं चढतं. मग मूळ मागायला गेलात तर काहीच नसतं.

बाकी वर्गणी द्यायची नसेल तर सरळ तसं सांगा ना भाऊ, बीबीसीला काहून मधात आणता?