तीन तास नऊ मिनिटं

गोल वाटेचं एक बरं असतं म्हणतात. जिथे गाडी लावली तिथेच परत येतो, त्यामुळे गाडी आणायला कुणाला पिटाळावं लागत नाही. खरं आहे. पण गोल वाट दोन्ही बाजूंनी चालता येते, आणि आमच्या घरात दोन्ही बाजूंना माणसं आहेत.

वाट साधीच निवडली होती. लांबी १२ किलोमीटर, चढ ४५० मीटर, अवघडपणा मध्यम. अर्धी वाट द्राक्षबागांतून, मग डोंगराची धार, आणि पलीकडून जंगलातून खाली. दादाने १:२५,००० चा कागदी नकाशा जमिनीवर पसरला, वाटेवरून दोरा फिरवला आणि तो पट्टीला लावून ४८ सेंटिमीटर मोजले. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, म्हणजे बारा बरोबर. पुतण्याने फोनमध्ये तीच वाट दोन ॲपवर टाकली. दोघांचे चढ वेगळे आले. उपग्रहावरून मोजलेली उंची वरखाली होत राहते, आणि ती किती गुळगुळीत करायची हे ज्याचं ते ॲप ठरवतं. पण पुतण्याने दोन्ही आकड्यांची सरासरी काढली आणि तेच सत्य म्हणून जाहीर केलं.

वेळेचा हिशेब माझ्याकडे होता. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम देऊन ठेवला आहे. मीटरमध्ये तो साधारण असा: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. मी गणित केलं, तीन तास नऊ मिनिटं आली. ती नऊ मिनिटं मला फार आवडली. तीन तास कुणीही म्हणेल, नऊ मिनिटं म्हणायला अभ्यास लागतो. या नियमात थांबणं धरलेलं नाही. बुटात गेलेला खडा, फोटो, ‘जरा टेकू या का’, यातलं काहीच नाही. गृहस्थ एकटेच चालत असावेत.

खरी ठिणगी पडली ती आधी बाग की आधी जंगल यावर.

दादाचं म्हणणं, सकाळी ऊन चढायच्या आत बागा उरकायच्या आणि दुपारी जंगलाच्या सावलीतून उतरायचं. मुद्दा बिनतोड आहे. थंड मुलखात द्राक्षबागा मुद्दाम सूर्याकडे तोंड केलेल्या उतारावर लावतात (उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या, दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या). ऊन भरपूर मिळतं, आणि रात्रीची गार हवा उतारावरून घसरून खाली जाते, म्हणून दव गोठण्याचा त्रास कमी. तिथल्या वेलींच्या ओळी माणसाच्या उंचीच्या, दुपारी त्यांची सावली पडलीच तर आपल्या पोटऱ्यांवर. थोडक्यात, द्राक्षांना जे जे मानवतं ते दादाला मानवत नाही.

वहिनींनी हे शांतपणे ऐकलं आणि नकाशावर जंगलाच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे समोच्चरेषा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे उतार खडा. “हे उतरायचं? ओल्या मुळांवरून? माझे गुडघे तुमच्या सावलीत विरघळणार आहेत का?” त्यांचंही खोटं नव्हतं. सावलीकडची बाजू पावसानंतर लवकर वाळत नाही, आणि गुडघ्यांना चढापेक्षा उतारच जास्त छळतो. त्यांना जंगलातून चढायचं होतं आणि बागांतल्या ट्रॅक्टरच्या रुंद रस्त्याने आरामात उतरायचं होतं. म्हणजे भर दुपारी, भर उन्हात. टोपी घालू, म्हणाल्या.

मी नाइस्मिथना साकडं घातलं. पण ते फक्त चढ मोजतात, आणि गोल वाटेला कुठूनही निघा, चढ तेवढाच. दोन्हीकडून तीन तास नऊ मिनिटं. भांडण मिटवायला हा माणूस काडीचा उपयोगी नाही.

मधल्या मध्ये बायकोने तारखेचा विषय काढला. तिला द्राक्षांनी लगडलेल्या बागा बघायच्या होत्या. पण द्राक्षं पिकत आली, की काही ठिकाणी बागांतल्या वाटा बंद करतात, तोडणीच्या वेळी ट्रॅक्टरची ये-जा असते, आणि फवारणी झाली असेल तर बागेत शिरू नये हे वेगळंच. म्हणजे द्राक्षं दिसायला तर हवीत, पण कुणी तोडायला आलेलं नको. अशी तारीख आम्ही पंचांग पाहिल्यासारखी शोधली. सापडली, तर त्या दिवशी पुतण्याची परीक्षा निघाली. मग “तो येत नाही” असं त्याच्याच समोर ठरलं. तो खूश दिसला.

शेवटी तोडगा त्यानेच काढला. दोन तुकड्या करा. दादा आणि बायको बागेकडून, वहिनी आणि मी जंगलाकडून. धारेवर भेटायचं, पाणी प्यायचं आणि आपापल्या दिशेने पुढे. सगळ्यांना एकदम पटलं. दादा तर लगेच नवा दोरा आणायला उठला, भेटीची जागा मोजायला.

राहता राहिली गाडीची किल्ली. मी म्हणालो, हिशेबाप्रमाणे दोन्ही तुकड्या एकाच मिनिटाला गाडीपाशी पोचतात, तेव्हा किल्ली कुणाकडेही असली तरी फरक पडत नाही.

“मग भावजी,” वहिनी हात पुढे करून म्हणाल्या, “माझ्याकडेच द्या.”